चित्र आहे म्हणूनच चूक दिसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोठ्यांसाठीच्या कार्टून मालिकांवर आलेला लेख वाचला. या विषयावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून तो कापून ठेवला. पण त्यातल्या एका वाक्यावर मी अडले. मालिकेतल्या चुका शोधणाऱ्या प्रेक्षकांबद्दल लेखकाने विचारलं आहे की, हाताने काढलेलं चित्रच ते, त्यात काहीही दाखवता येतं, मग चूक कसली धरायची? पुढे अशा प्रेक्षकांना त्यांनी 'रिकामटेकडे' म्हटलं आहे. त्या शब्दाचं सोडा. प्रश्नाला मात्र उत्तर द्यायला हवं, कारण माझ्या मते चूक खऱ्या अर्थाने धरता येते ती चित्रातच.

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. नोकरीची सगळी वर्षं सिव्हिल लाइन्समध्ये गेली. आता हे पद फारसं कोणाला ठाऊक नसतं, म्हणून सांगते. अभियंत्याच्या पेन्सिलीच्या नकाशावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून बसवायचं आणि शाईने रेघ न् रेघ त्यावर उतरवायची. त्या कापडावरून मग अमोनिया प्रिंट निघत आणि त्या साइटवर जात. आधी पेंचचे कालवे होते, पुढे 1988 मध्ये गोसीखुर्दची पायाभरणी झाल्यावर तिकडचं काम सुरू झालं. मैलोन्‌मैल जाणारा कालवा एका शीटवर मावत नाही. एक शीट संपतं तिथे मॅच लाइन मारतात आणि कालवा पुढच्या शीटवर जातो. तिथे त्याने त्याच साखळी क्रमांकावर (म्हणजे सुरुवातीपासूनच्या त्याच अंतरावर), त्याच रुंदीने, त्याच तलांकाने (म्हणजे त्याच उंचीवर) शिरायला हवं. दोन शीट दोन टेबलांवर दोन बायकांनी उतरवलेले असतात. फरक पडला तर तो हमखास या जोडावर पडतो. पुढे तपासणी माझ्याकडे आली तेव्हा नवीन शीट हातात पडलं की माझी नजर आधी मॅच लाइनवर जायची.

माझी भाची शहरातच ॲनिमेशन शिकते. उन्हाळ्याच्या दुपारी कूलरसमोर बसून आम्ही दोघी 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचे जुने भाग बघतो. त्यातली अमेरिकन राजकारणाची कोटी ती मला समजावते. चित्राबद्दल समजावण्याची गरज पडत नाही. "आत्या, हे पाय ना, पेला या हातातून त्या हातात गेला!" असं ती ओरडते, आणि आम्ही चित्र थांबवून मागे जातो. पेल्याने हात कुठे बदलला? दर वेळी उत्तर एकच निघतं, दृश्य बदललं तिथे. कॅमेरा दुरून जवळ आला, मध्ये काप आला आणि कापाच्या अलीकडचं चित्र एकाने काढलं होतं, पलीकडचं दुसऱ्याने. भाची सांगते, ॲनिमेशनवाले या जोडाला हूक-अप म्हणतात. माझ्यासाठी ती मॅच लाइनच आहे.

लेखकाच्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं. माणसांना घेऊन केलेल्या मालिकेत नटीची बट वाऱ्याने हलते, चहाचा कप स्पॉटबॉय उचलून ठेवतो, दिवस कलतो आणि भिंतीवरची सावली सरकते. कोणी काही न करताही तिथे फरक पडतो. कार्टूनमध्ये आपोआप काहीच होत नाही. वारा काढावा लागतो, सावली काढावी लागते. कप उजवीकडून डावीकडे गेला असेल तर कोणीतरी तो डावीकडे काढलेला आहे, कोणीतरी रंगवलेला आहे, आणि कोणाच्या तरी नजरेखालून तो गेलेला आहे. म्हणून तिथल्या प्रत्येक चुकीला कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा शोधता येतं.

काम किती हातांतून जातं तेही पाहा. सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे 22 मिनिटांच्या एका भागाला 31,680. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं आणि स्थिर माणसं तशीच राहू दिली, तरी हजारो चित्रं उरतात. 'सिम्पसन्स'चं लेखन आणि आवाजाचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत होतं. पात्रं कुठे उभी राहणार, मुख्य हालचाली कोणत्या, हेही तिथे ठरतं. मग सगळा गठ्ठा दक्षिण कोरियात जातो. सुरुवातीपासून हे काम करणारा स्टुडिओ सोलचा एकॉम, नेल्सन शिन यांनी 1985 मध्ये काढलेला. दोन मुख्य चित्रांमधली मधली चित्रं तिकडे होत, शाई आणि रंगही तिकडेच. सोबत एक्सपोजर शीट जाई. कोणत्या चौकटीला कोणता थर, कोणतं तोंड, कॅमेरा किती सरकवायचा, हे सगळं त्या कागदावर ओळीओळीने लिहिलेलं असतं. बोलीभाषा वेगळी, समुद्र मध्ये, आणि सांगण्याचं साधन ते कागद.

पहिल्याच वर्षी हे किती अवघड गेलं त्याची गोष्ट लेखकाने जरूर वाचावी, कारण 'काहीही दाखवता येतं' याचं उत्तर तीत आहे. मालिकेचा सगळ्यात आधी तयार झालेला भाग 'सम एन्चांटेड ईव्हनिंग' 1989 मध्ये कोरियाहून परत आला, तेव्हा निर्माते हबकले. घरातल्या वस्तू रबरी वागत होत्या. दार आपटलं की दार वाकायचं. इतर कार्टूनमध्ये हे चालतं, तिथे माणूससुद्धा दोरीसारखा ताणला जातो. पण या मालिकेचा पायाच वेगळा होता. माणसं पिवळी असली, डोळे बटाट्याएवढे असले, तरी दार हे दारासारखं मिटायला हवं आणि मार लागला तर दुखायला हवं. त्या भागाचं जवळपास 70 टक्के काम नव्याने करावं लागलं. मालिका शरद ऋतूत सुरू व्हायची होती, ती पुढे ढकलून 17 डिसेंबर 1989 ला नाताळच्या भागाने सुरू करावी लागली. फेरकाम झालेला तो भाग 13 मे 1990 ला, पहिल्या हंगामाच्या शेवटी दाखवला. चित्रात काहीही चालत असतं तर एवढा खर्च आणि एवढे महिने कोणी घालवले असते का?

सगळ्याच चुकांच्या वाट्याला असं फेरकाम आलं नाही. 21 जानेवारी 1990 च्या 'होमर्स ओडिसी' या भागात मालकाच्या मागेपुढे करणारा स्मिदर्स पहिल्यांदा पडद्यावर दिसला, आणि त्याची कातडी काळसर होती. तो पहिल्यापासून इतरांसारखा पिवळाच ठरलेला होता, रंग देताना घोटाळा झाला. चूक लक्षात आली तेव्हा पुन्हा रंगवायला पैसे नव्हते. भाग तसाच गेला, आणि पुढे स्मिदर्स पिवळा झाला. हा एक प्रसंग माहीत असला की अनेक चुका वाचता येतात. परत आलेलं चित्र दिग्दर्शक बघतो, कुठे दुरुस्ती हवी याची यादी करतो, आणि यादीतलं किती परवडेल ते पैसा ठरवतो. पडद्यावर राहिलेली चूक ही कुणाला न दिसलेलीच असते असं नाही. दिसली, पण परवडली नाही, असंही असतं. आमच्याकडे मार्च महिन्यात गेलेल्या शीटवर अशा कितीतरी खुणा असत.

रंगाबद्दल अजून थोडं लिहू द्या, माझा जीव तिथे अडकतो. 2002 पर्यंत ही मालिका सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पारदर्शक तावावर, हाताने रंगवली जात होती. एका सेलवर शरीर, दुसऱ्यावर तोंड, तिसऱ्यावर हलणारा हात, सगळ्यांच्या खाली पार्श्वभूमी. सेल कितीही स्वच्छ असला तरी थोडा प्रकाश खातोच. खालच्या थरातलं चित्र वरच्यापेक्षा किंचित मंद दिसतं. म्हणून थरानुसार रंगाची छटा बदलून घेत, म्हणजे तिन्ही थर एकावर एक ठेवल्यावर हात आणि शरीर एकाच माणसाचे वाटावेत. ट्रेसिंग क्लॉथचे दोन थर एकावर एक ठेवून ज्याने खालची रेघ पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. आता पात्राचा थर मध्येच बदलला आणि रंग बदलला नाही, तर एका क्षणापुरता हात शरीरापेक्षा उजळ होतो. एखाद्या सेलवर कॉलर रंगवायची राहिली तर ती लुकलुकते. थरांचा क्रम चुकला तर माणूस टेबलामागे बसलेला असताना त्याचा हात टेबलाच्या पायाआड न जाता पुढे येतो. या तीन चुका दिसायला सारख्या, पण कारणं वेगळी. पहिली रंग नेमून देणाऱ्याची, दुसरी रंगवणाऱ्या हाताची, तिसरी एक्सपोजर शीट लिहिणाऱ्याची किंवा कॅमेऱ्याखाली सेल मांडणाऱ्याची. संगणकावर रंग भरायला लागल्यापासून लुकलुकणं जवळजवळ बंद झालं. त्याऐवजी आता एखादं पात्र आरशातल्यासारखं उलटं करून वापरलं जातं आणि मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हातात जातं.

मात्र चूक म्हणण्याआधी त्या मालिकेचे नियम माहीत असायला हवेत, हे लेखकाच्या बाजूने मी मान्य करते. 'सिम्पसन्स'मधल्या माणसांना एका हाताला चारच बोटं असतात. ती चूक नाही, तो नियम आहे. त्याच मालिकेत देव येतो तेव्हा त्याला पाच बोटं असतात, आणि तेही मुद्दाम केलेलं आहे. सिम्पसन्स कुटुंबातला बाप होमर, त्याच्या डोक्यावरचे केस आणि कान मिळून एम आणि जी ही इंग्रजी अक्षरं दिसायची, निर्माता मॅट ग्रेनिंग यांच्या नावाची आद्याक्षरं. कानातलं अक्षर लक्ष विचलित करतं म्हणून पुढे साधा कान काढू लागले. दोन वेगळ्या वर्षांचे भाग लागोपाठ पाहिले तर कोणी म्हणेल कान चुकला, पण तो बदललेला आहे. पहिल्या हंगामात होमरचा मित्र बार्नी याचे केस त्याच्या कातडीसारखेच पिवळे होते. पुढे ठरलं की कातडी आणि केस एकाच रंगाचे फक्त सिम्पसन्स कुटुंबातच असावेत, तेव्हा बार्नीचे केस तपकिरी झाले. होमरचा मुलगा बार्ट याच्या डोक्यावर केसांची नऊ टोकं ठरलेली आहेत. एखाद्या चौकटीत मोजून आठ भरली तर ती खरी चूक, कारण मॉडेल शीटवर, म्हणजे पात्र कसं काढायचं ते ठरवून दिलेल्या नमुन्यावर, नऊ आहेत.

कथेतल्या विसंगतीचंही तेच. 'साउथ पार्क' या दुसऱ्या मालिकेत सुरुवातीच्या हंगामांत केनी नावाचा मुलगा जवळजवळ प्रत्येक भागात मरतो आणि पुढच्या भागात शाळेत हजर असतो. याला कंटिन्युइटीची चूक म्हणणाऱ्याने मालिका पाहिलेलीच नाही. बार्ट 1989 पासून दहाच वर्षांचा आहे, हाही करारच. पण 1991 च्या भागात होमर आणि मार्ज 1974 च्या बॅचचे, शाळेत भेटलेले, असं ठामपणे दाखवायचं, आणि 2008 च्या भागात त्यांचं तरुणपण 1990 च्या दशकात नेऊन ठेवायचं, याबद्दल जुन्या प्रेक्षकांना राग आला तो मला रास्त वाटतो. मुलांचं वय थांबवणं ही सोय होती आणि ती प्रेक्षकांनी मान्य केली होती. आईवडिलांच्या आठवणीच बदलणं त्या कराराबाहेरचं होतं.

1997 च्या एका भागात 'सिम्पसन्स'नेच चुका काढणाऱ्यांची थट्टा केली आहे. एक चाहता जाहीर कार्यक्रमात विचारतो की, कार्टूनमधला उंदीर मांजराच्या बरगड्या झायलोफोनसारख्या वाजवतो, एकाच बरगडीवर लागोपाठ दोनदा मारतो, तरी दोन वेगळे सूर कसे निघतात? होमर उलटा प्रश्न करून त्याला गप्प बसवतो. मला तो प्रश्न पूर्ण योग्य वाटतो, आणि त्याचं उत्तरही आहे. संवाद आधी मुद्रित होतात, चित्र त्यांच्या मागून जातं, म्हणून ओठ शब्दांवर बसतात. संगीत मात्र चित्र पूर्ण झाल्यावर चढवतात. संगीतकाराला चाल पुरी करायची असते, आणि चित्रकाराने काठी त्याच बरगडीवर ठेवलेली असते. दोघांची भेट होत नाही. तो प्रश्न विचारणारा त्याच जोडावर बोट ठेवत होता.

एक वेगळीच चूक अलीकडे निर्माण झाली, आणि तिचं खापर चित्रकारांवर फुटतं याचं मला फार वाईट वाटतं. जुने भाग चौकोनी टीव्हीसाठी, चारास तीन या मापात काढलेले होते. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये डिस्नेने स्वतःच्या ओटीटी सेवेवर ते आणले तेव्हा रुंद पडदा भरावा म्हणून चित्र वरून आणि खालून छाटलं. 1993 च्या 'डफलेस' या भागात बिअरच्या कारखान्यातला एक विनोद आहे. डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय अशा तीन टाक्या, आणि वर पाहिलं तर तिघींना एकाच नळातून बिअर येते. छाटलेल्या चित्रात नळच नाही. उरतात तीन टाक्या आणि काहीच अर्थ नसलेलं दृश्य. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, आणि मे 2020 मध्ये मूळ मापात बघण्याची सोय द्यावी लागली. हा आरडाओरडा करणारे तेच लोक, ज्यांना आपल्या लेखात रिकामटेकडे म्हटलं आहे. चौकटीच्या कडेला काय आहे हे ज्यांना पाठ होतं, त्यांनाच कड गेल्याचं कळलं. भाग बघताना चूक वाटलीच तर आधी मूळ मापात पाहून घ्यावं, हे मी भाचीलाही सांगते.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. आपल्या त्याच अंकात मुलांच्या पानावर 'सुट्टीत काय बघाल' या यादीत मोठ्यांसाठीच्या एका कार्टून मालिकेचं चित्र छापलं गेलं आहे. त्या मालिकेत रक्त आहे, दारू आहे, अगदी उघड बोलणं आहे. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनी ते चित्र पाहून घरी हट्ट धरला. चित्र आहे म्हणजे मुलांचंच, हा समज आणि चित्र आहे म्हणजे त्यात चूक नाही, हा समज एकाच मुळातून येतात. पुढच्या वेळी यादी लावणाऱ्याने मालिकेसमोरची वयाची खूण पाहून घ्यावी.

आमच्या प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असायची. आरेखन कोणी केलं, अनुरेखन कोणी केलं, तपासलं कोणी, तीन सह्या. चूक निघाली की ती कोणाच्या टेबलावरची हे दोन मिनिटांत कळे, आणि काम चांगलं झालं तर तेही कळे. या मालिकांच्या शेवटी तशीच नावांची यादी असते, तिच्यात परदेशी स्टुडिओचंही नाव असतं. पण ओटीटीवर यादी सुरू झाली रे झाली की चित्र कोपऱ्यात आकसतं आणि पुढचा भाग सुरू होण्याचे आकडे मोजायला लागतात. आम्ही घरी ते थांबवतो आणि नावं वाचतो. ज्याची चूक पकडायची त्याचं नाव वाचायलाच हवं, असं मला वाटतं.

आता विनंती. पुरवणीत दर रविवारी चार ओळींची जागा द्यावी आणि वाचकांनी मोठ्यांच्या कार्टून मालिकांमधल्या चुका तिथे कळवाव्यात. अट एवढीच ठेवावी: मालिका, हंगाम आणि भाग सांगायचा, मिनिट-सेकंद लिहायचं, चौकट मूळ मापातली आहे का ते पाहायचं, आणि चूक कोणत्या टप्प्यावर झाली असावी याचा अंदाज द्यायचा. रंगाची, थराची, जोडाची की कथेची. नुसतं 'इथे चुकलंय' असं आलेलं पत्र छापू नये. शहरात ॲनिमेशन शिकणारी किती तरी मुलं आहेत. त्यांना शिक्षकांपेक्षा जास्त शिकवण अशा चौकटी थांबवून मिळते, हे मी घरात रोज बघते आहे. नोंदी तपासून द्यायला कोणी हवं असेल तर मी ते काम आनंदाने करीन. मोबदला नको. माझ्या आणि भाचीच्या नोंदींची वही तयार आहे, तिच्यातल्या पहिल्या काही नोंदी पुढच्या आठवड्यात टाइप करून आपल्या कार्यालयात आणून देते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त अनुरेखक,
प्रतापनगर, नागपूर